करवतीचं दुसरं टोक

ज्या माणसापायी माझं लग्न मोडायला आलं आणि ज्याच्यामुळेच ते शेवटी लागलं, तो माणूस एकच. माझा घरमालक. त्यांना सगळे काका म्हणत. मीही त्यांच्याबद्दल अहोजाहोनेच लिहितो, नाहीतर वरून कुठून तरी खाली उतरून ते माझी बोटं मोजायला लागतील.

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनपासून दहा मिनिटांवर त्यांचं बैठं कौलारू घर होतं आणि त्या घराची मागची खोली मला हवी होती. फाळणीनंतरचे ते दिवस. पलीकडे उल्हासनगरच्या लष्करी बराकींत सिंधी कुटुंबं मधे पडदे बांधून राहत होती, आणि अलीकडे माझ्यासारखे कारखान्यातले कारकून खोली म्हणून कुणाचं न्हाणीघर मिळालं तरी घ्यायला तयार होते. मी गेलो तेव्हा काका ओट्यावर बसून एका लांबलचक साखळीचे दात कानशीने घासत होते. खाकी हाफ पँट, लष्करी बूट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. त्यांनी मला नाव, गाव, पगार काही म्हणजे काही विचारलं नाही.

"हात दाखव," म्हणाले.

मला वाटलं, हे ज्योतिष बघतात. मी उजवा हात पुढे केला.

"दोन्ही."

त्यांनी माझी बोटं एकेक चिमटीत धरून मोजली. बाजारात भेंडी निवडावी तशी.

"दहा. छान. काम काय करतोस?"

"कारखान्यात आवक-जावक बघतो. टपालाचं काम."

"म्हणजे अंगात ताकद नाही. चालेल. खोली तुझी. अट एकच. रविवारी करवतीचं दुसरं टोक धरायचं."

मी हो म्हणालो. खोली मिळत असती तर मी वाघाचं दुसरं टोकही धरलं असतं.

ही करवत सुताराची नव्हे, हे मला पुढच्याच रविवारी कळलं. एका बाजूला पेट्रोलवर चालणारं भलंमोठं इंजिन, त्यातून निघालेलं पुरुषभर लांबीचं लोखंडी पातं, पात्याच्या कडेने गरगर फिरणारी दातांची साखळी, आणि दुसऱ्या टोकाला एक मूठ. इंजिनाकडे काका, मुठीकडे मी. एकट्याने उचलायची सोयच नाही. लढाई चालू असताना उल्हासनगरच्या त्या बराकींत लष्कराचा कॅम्प होता, तिथल्या वर्कशॉपमध्ये काका फिटर होते. लढाई संपली, पलटणी गेल्या, आणि उरलेला माल लिलावात निघाला. लोकांनी ब्लँकेटं घेतली, तंबू घेतले, लोखंडी खाटा घेतल्या. काकांनी ही करवत घेतली. कल्याणपासून कर्जतपर्यंत असं दुसरं मशीन नाही, असं ते सांगत, आणि खोटं ठरवायला कुणी पुढे येत नसे.

करवतीला ते सासूबाई म्हणत. स्वतः सडेफटिंग असल्यामुळे त्यांना ही चैन परवडत होती.

"सासूबाईंच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही," ते मला शिकवत. "त्या चालू असताना इकडून तिकडे जायचं नाही. त्यांना खायला घालताना त्या झोपलेल्या पाहिजेत आणि जवळपास बिडीकाडी नको. पेट्रोल भरून झालं की ती जागा सोडायची, दहा पावलं पलीकडे न्यायचं आणि मग जागं करायचं. आणि खांद्याच्या वर कधी उचलायचं नाही. सासूला वर उचललंस की ती डोक्यावरच बसते."

कामाला लागण्याआधी कपड्यांची तपासणी होई. माझ्या लेंग्याचे पाय ते सुतळीने घोट्याला बांधत. सदऱ्याच्या बाह्या मनगटाशी बांधत. कानात कापूस. डोक्यावर घालायला लष्करी लोखंडी टोप एकच होता आणि तो त्यांचा. माझ्या वाट्याला त्यांचं वरणाचं पातेलं यायचं, आत टॉवेल कोंबून. एकदा शिवमंदिराजवळच्या एका पुजाऱ्यांच्या आवारात फांदी कापायची होती. पुजारीबुवा उपरणं सावरत जवळ उभे राहिले. काकांनी इंजिन बंद केलं, अदबीने त्यांचं उपरणं काढून घेतलं, घडी घातली आणि देवळाच्या दिशेने असलेल्या खुंटीला अडकवलं. "देवाला दाखवायला बरं," म्हणाले. "इथे साखळीत अडकलं तर मागोमाग तुम्हीही जाल."

सगळ्यात शेवटी बोटांची मोजणी. हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. झाडाशी उभं राहून ते आधी स्वतःची बोटं मोजत, मग माझी. त्यांची नऊ, माझी दहा. "एकोणीस," असं मोठ्याने म्हणत आणि मगच इंजिनाची दोरी ओढत. झाड पडलं, ओंडके झाले, सासूबाई झोपल्या, की पुन्हा मोजणी. "एकोणीस. भरलं." मगच चहा.

त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून नव्हती. ते अर्धं बोट ते मोजणीत धरत नसत. ते कसं गेलं, याची मला पहिल्या वर्षात सात कारणं कळली. मला सांगितलं, आधीच्या भाडेकरूला उसनं दिलं, त्याने परत केलं नाही. पुजारीबुवांना सांगितलं, नवसाला वाहिलं. उल्हासनगरच्या दुकानदाराला सांगितलं, एका गोऱ्या साहेबाशी हात मिळवला, साहेब विलायतेला गेला, बोटही गेलं. शेजारच्या वहिनींना सांगितलं, लहानपणी सुपारी कातरताना गेलं आणि आजोबांनी ते विड्यात घालून खाल्लं. वहिनींनी त्या दिवसापासून पान सोडलं.

हा उल्हासनगरचा दुकानदार म्हणजे कॅम्प दोनमधला एक सिंधी गृहस्थ. लष्करी भंगारातले नट, बोल्ट, नळ्या, दिवे असं काय वाटेल ते विकायचा. काकांना कानशी आणि साखळीचे सुटे दुवे तोच पुरवी. त्याच्या दुकानामागे दोन बराकींच्या मधे एक वठलेलं करंजाचं झाड होतं, ते काढायचं होतं. आम्ही सासूबाईंना हातगाडीवर घालून नेलं तर तिथे जत्राच जमलेली. बायका पापड लाटायचं सोडून बाहेर आल्या, पुरुषांनी बसायला खाटा आणल्या. काकांचा नियम असा की झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस नको. "भाई लोक, पीछे हटो," असं त्यांनी चारदा सांगितलं. लोक दोन पावलं मागे जायचे आणि तीन पावलं पुढे यायचे.

मग काकांनी वर शेंड्याकडे बघितलं, टोप काढला आणि मला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे बाप रे. गांधीलमाशा. वो बड़ी वाली, लाल."

मिनिटभरात आवार रिकामं. खाटासुद्धा गेल्या. दुकानदार दुकानात शिरला आणि त्याने आतून फळ्या लावून घेतल्या. झाडावर माशीच काय, पानही नव्हतं.

पण त्याआधी त्यांनी दुकानदाराच्या हातात एक लाकडी खुंटी देऊन सांगितलं होतं, "साईं, जिथे झाड पडायला हवं तिथे ठोका." ही त्यांची शान होती. झाडाला पडायच्या बाजूने आधी खाच पाडायची, तिला ते तोंड म्हणत. मग मागच्या बाजूने, तोंडापेक्षा जरा वर, आडवा काप घ्यायचा. पण आरपार कापायचं नाही. मधे चार बोटं लाकूड शिल्लक ठेवायचं. "ही बिजागरी," ते म्हणत. "दार बिजागरीवर फिरतं म्हणून ते चौकटीत बसतं. बिजागरी काढून ढकललंस तर पायावर पडेल." त्या बिजागरीवर झाड असं वळायचं, की शेंडा येऊन खुंटीवर बसायचा. त्या दिवशीही तसंच झालं. धूळ खाली बसली आणि दुकानाच्या फळीमागून आवाज आला, "मिस्त्री साईं, कट गया? मख्खी गया?"

"दोनों गये. या बाहेर."

दुकानदार झाडाभोवती फिरला, वाकून वाकून बघू लागला. "साईं, अपना खुंटी किधर है?"

"जमिनीत. पाणी घालत जा, उगवेल."

काकांच्या नियमांत मला सगळ्यात लाज आणणारा नियम पळवाटेचा होता. झाड पडताना मागे सरळ पळायचं नाही, कारण बुंधा मागे लाथ मारतो. तिरपं पळायचं. म्हणून आदल्या दिवशी दोघांसाठी दोन तिरप्या वाटा कोयत्याने साफ करायच्या, दगड वेचायचे, आणि झाडाला हात लावण्याआधी त्या वाटेने तीन वेळा पळून दाखवायचं. "मी 'सोड' म्हटलं की मूठ सोडायची आणि निघायचं. सासूबाईंचं काय होईल ते सासूबाई बघतील. मागे वळून बघायचं नाही. परत सांग, काय करायचं?"

"सोडायचं."

"पळ."

आणि कारखान्यातला आवक-जावक कारकून पातेलं डोक्यावर घालून तालमीसाठी घरच्या आवारातूनही तिरपा पळे. शेजारच्या वहिनी मुलांना दाखवायला आणत.

लाकूड पडल्यावरही ते मोकळं सोडत नसत. बदलापूरला एका आगरी शेतकऱ्याचं जांभळाचं झाड वादळात उन्मळून दोन बांधांवर आडवं पडलं होतं. त्याचे ओंडके करायचे होते. शेतकरी त्या खोडावरच बसला, आम्ही पेट्रोल भरतोय हे बघत त्याने बिडी काढली. काकांनी त्याच्या हातातली बिडी आणि कमरेचा बिड्यांचा जुडगा दोन्ही काढून घेतलं आणि टोपाखाली ठेवलं.

"मिस्त्री, जल्मभर बिड्या वढल्या, मना काय नाय झाला."

"तुला नाही झालं. तुझ्या पेंढ्याच्या उडवीला विचार."

शेतकऱ्याने उडवीकडे बघितलं आणि खोडावरून उठला. मग काकांनी मला शेतातली काकडी आणायला लावली. दोन दगडांवर तिची दोन टोकं ठेवली, मधे अंगठ्याने दाबलं आणि वरून सुरी घातली. काकडी मिटली, सुरी अडकली. "बघ. दोन टोकं टेकलेली असली की वरची बाजू आवळते आणि खालची फाकते. वरून थोडंसंच कापायचं आणि उरलेलं खालून. एकच टोक टेकलेलं असलं तर उलट. जे लाकूड आवळतं त्याच्या तोंडात पातं द्यायचं नाही." एवढं शिकवून त्यांनी उदाहरण मीठ लावून खाऊन टाकलं. मला आजही कोशिंबीर करताना कुणी काकडी हातात दिली तर मी आधी ती कुठे टेकली आहे ते बघतो.

आता माझ्या लग्नाकडे येतो.

माझ्या खोलीच्या मागे एक जुना शिरीष होता. त्याच्या दोन मोठ्या फांद्या माझ्या कौलांवर आल्या होत्या आणि खोडही जरा तिकडेच कललेलं होतं. उन्हाळ्यात त्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत. रोज सकाळी काका दात घासत त्याच्याकडे जात, कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर चार ठिकाणी ठोकत, कान लावून ऐकत आणि परत येत. मला वाटे, म्हाताऱ्याचा हाही एक चाळा.

कल्याणची एक मुलगी मला सांगून आली होती. मी तिला बघितलं, तिने मला बघितलं, आणि आता मला त्या घरातून नकार आला तर काय, या विचाराने माझी झोप उडाली. तिचे वडील कचेरीत अव्वल कारकून होते. अतिशय मोजूनमापून चालणारा माणूस. ते एका रविवारी न कळवता खोली बघायला आले. त्यांना जे दिसलं ते असं: होणारा जावई, लेंग्याला सुतळ्या, कानात कापूस, डोक्यावर पातेलं, आवारातून तिरपा पळतोय आणि एक म्हातारा ओरडतोय, "पुन्हा!"

मुलीचे वडील सरळ खोलीत शिरले. त्यांनी छत्रीने खोली मोजली. लांबी साडेतीन छत्र्या, रुंदी तीन. खोली पसंत पडली. मग मागचं दार उघडलं आणि वर बघितलं.

"हे झाड?"

"शिरीष आहे," मी म्हणालो.

"नाव नाही विचारलं. हे माझ्या मुलीच्या डोक्यावर पडणार आहे." त्यांनी छत्री मिटली. "मुहूर्त वैशाखात. चैत्र संपायच्या आत झाड गेलं तर पुढचं बोलू. नाहीतर डोंबिवलीचं एक स्थळ थांबलंय."

मी निर्धास्त होतो. ज्या माणसाने गावोगावची झाडं खुंटीवर बसवली, त्याच्या स्वतःच्या आवारातलं झाड ते किती! पण चैत्राच्या पहिल्या रविवारी काका म्हणाले, वारा आहे. दुसऱ्या रविवारी म्हणाले, कावळ्याने घर केलंय. तिसऱ्या रविवारी म्हणाले, सासूबाईंना पडसं झालंय. चैत्राचा एकच रविवार उरला आणि माझं डोकं फिरलं. मी त्यांना नको ते बोललो. म्हणालो, "तुम्हाला भाडेकरू नको, फुकटचा गडी पाहिजे. माझं लग्न झालं तर दुसरं टोक कोण धरणार, ही तुमची भीती."

काका शांतपणे उठले. माझं मनगट धरून मला शिरीषापाशी नेलं आणि कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठोकलं. कमरेशी ठोकलं तेव्हा डब्यावर थाप मारल्यासारखा आवाज आला. छातीशीही तोच. गुडघ्याशी जरा भरीव.

"पोकळ आहे," ते म्हणाले. "चार वर्षं ऐकतोय. पोकळी खाली सरकतेय. याला बिजागरी कुठे ठेवू? हे माझं ऐकणार नाही, त्याच्या मनाला येईल तिथे पडेल. मी भितोय. पण तू म्हणतोस त्याला नव्हे."

मी माफी मागायला तोंड उघडलं. "राहू दे," ते म्हणाले. "सासरा बरोबर बोलला. मला आधीच काढायला हवं होतं. पुढच्या पावसाळ्यात ते तुझ्यावर आलं असतं."

पुढचा आठवडा त्यांनी थट्टा केली नाही. बदलापूरहून झाडावर चढणारे दोन गडी आणून कौलांवरच्या फांद्या कुऱ्हाडीने उतरवल्या, म्हणजे त्या बाजूचं वजन गेलं. उंचावर जाड दोर बांधला, झाडाच्या दुप्पट लांबीचा, आणि त्याचं टोक दुकानदाराच्या जुन्या लष्करी ट्रकला, मोकळ्या माळाच्या दिशेने. माझी ट्रंक, वळकटी, स्टोव्ह सगळं बाहेर आणून ठेवलं. दोन पळवाटा स्वतः साफ केल्या.

रविवारी सकाळी माझे होणारे सासरे सहकुटुंब शिवमंदिराचं दर्शन घेऊन आले. काकांनी त्यांना अंतर सांगितलं, त्यांनी ते स्वतः छत्रीने मोजलं आणि त्या जागी मुलीला आणि बायकोला उभं करून पुढे छत्री उघडून धरली. तेवढ्या अंतरावरूनही ती मला दिसत होती. अबोली रंगाचं पातळ होतं.

मी पातेलं उचललं. काकांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःचा लोखंडी टोप माझ्या डोक्यावर ठेवून हनुवटीखाली पट्टा आवळला. पातेलं त्यांनी घातलं. खुंटी ठोकायची वेळ आली तर त्यांनी ती पिशवीतून काढलीच नाही. तेव्हा मात्र मी माझ्या पळवाटेकडे पुन्हा एकदा बघून घेतलं.

"एकोणीस," ते म्हणाले, आणि दोरी ओढली.

माळाच्या बाजूने तोंड पाडून झालं. मागून काप सुरू झाला. दुकानदाराने ट्रक हळूहळू पुढे घेतला, दोर ताठ झाला. पातं अर्ध्यावर गेलं असेल नसेल, आतून काळा भुसा यायला लागला आणि एकदम पोकळ बाजू दबली. काप मिटला. पातं अडकलं. काकांनी इंजिन बंद केलं. त्या शांततेत झाडाच्या आत काहीतरी कटकट मोडत होतं.

"सोड," काका म्हणाले.

मला ते स्वच्छ ऐकू आलं. शंभर वेळा मी ते 'सोड' ऐकून पळालो होतो. पण समोर ती उभी होती, आणि हातात काकांची अख्ख्या मुलखातली एकुलती एक करवत होती. एक हिसका मारला तर निघेल, असं मला वाटलं. मी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

"सोड!"

मी आणखी ओढलं. मग मला काय कळावं? पलीकडच्या बाजूला, आपल्या पळवाटेच्या तोंडाशी उभा असलेला तो माणूस, ज्याने मला हजारदा सांगितलं होतं की झाडाच्या मागून जायचं नाही, तो झाडाच्या मागून धावत आला आणि त्याने माझ्या पार्श्वभागावर लष्करी बुटाची एक सणसणीत लाथ घातली. होणाऱ्या सासऱ्यांसमोर, होणाऱ्या खऱ्या सासूबाईंसमोर, आणि तिच्यासमोर. मी पळवाटेत तोंडावर पडलो. माझ्या अंगावर काका पडले. त्यांच्यावरून पातेलं घरंगळत गेलं.

झाड उभं चिरलं, स्वतःभोवती फिरलं आणि ट्रकला, दोराला, कुणालाच न विचारता काकांच्या न्हाणीघरावर जाऊन पडलं. बुंधा मागे उडाला आणि जिथे मी उभा होतो तिथे काकांच्या सासूबाईंवर बसला. माझ्या खोलीचं एक कौल हललं नाही.

धुरळ्यात काका उठून बसले. त्यांनी करवतीकडे बघितलं नाही, न्हाणीघराकडे बघितलं नाही. आधी माझे दोन्ही हात ओढून घेतले. बोटं मोजायला लागले. एकदा मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मग स्वतःची मोजली.

"एकोणीस," ते म्हणाले. "भरलं." आणि माझ्या कानाखाली एक ठेवून दिली.

मला रडू आलं. लाथेचं नव्हे, थपडेचंही नव्हे. माझ्या बापानेही मला इतक्या प्रेमाने कधी मारलं नव्हतं.

मंडळी धावत आली. दुकानदार करवतीकडे बघून हळहळू लागला, "साईं, इंजन का तो पापड हो गया." ती मात्र सरळ काकांपाशी आली. तिने पदराने त्यांच्या कपाळावरची माती पुसली आणि विचारलं, "काका, तुमचं हे बोट कशानं गेलं?"

मी आठव्या गोष्टीची वाट बघू लागलो.

"ह्याच मशीनने," काका म्हणाले. "कॅम्पात असताना. पातं असंच अडकलं. साहेब ओरडला, सोड. मला वाटलं, सरकारी माल, कसा सोडू? नाही सोडलं."

"मग तेच मशीन विकत कशाला घेतलंत?"

"दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ नये म्हणून. त्याची खोड मला एकट्याला माहीत होती ना, पोरी."

तिच्या वडिलांनी छत्री मिटली. पडलेलं झाड, माझी खोली आणि मी, असं तिन्ही नीट न्याहाळलं. "मुलगा ऐकत नाही," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "पण लाथ खाल्ली, थप्पड खाल्ली, आणि उलटून बोलला नाही. संसाराला ठीक आहे. वैशाखातला मुहूर्त धरू."

न्हाणीघर आम्ही दोघांनी मिळून उभं केलं. करवतीचं पातं काकांनी ओट्यावरच्या भिंतीला टांगलं. लग्न होऊन आम्ही दोघं खोलीवर आलो तेव्हा उंबऱ्यात काका उभे होते.

"करवत गेली, म्हणजे तू आता माझ्या काही कामाचा नाहीस," ते मला म्हणाले. माझा चेहरा पडला. "म्हणून अट बदलली. रविवारी सकाळी दोघांनी हात दाखवायला यायचं."

मग दर रविवारी चहाच्या आधी ती मोजणी. माझी दहा, हिची दहा, त्यांची नऊ. "एकोणतीस. भरलं." कधी हिचं बोट विळीवर कापलेलं असे, तर काका विळीलाच ओरडत. पुढे आम्हाला मुलगी झाली. हिचं बाळंतपण कल्याणला झालं, आणि सव्वा महिन्यानंतर रविवारी सकाळी आम्ही तिला घेऊन परत आलो. घरात पाऊल टाकायच्या आधी काकांच्या ओट्यावर गेलो. पातं टांगलं होतं त्याच्याखाली ते आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसले होते.

मी पोर त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्या मुठी हलकेच उघडल्या. उजव्या हाताची पाच झाली. डाव्या हाताची मोजायला त्यांनी आपला डावा हात पुढे केला, आणि तिने त्यांचं ते अर्धं बोट मुठीत घट्ट धरून ठेवलं. काका तसेच बसून राहिले. ओढून घेतलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला एकच हात मोकळा होता.

"सोड गं," ही तिला लटकं रागावून म्हणाली.

"असू दे," काका म्हणाले. "धरू दे तिला."

मग त्यांनी न बघताच बेरीज केली. "एकोणचाळीस," म्हणाले, आणि जरा थांबून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, "आणि अर्धं."